पाणी शिरणारच, ते निघणार कुठून?

मृगाच्या आगेमागे नागपुरात निळी ताडपत्री बाहेर निघते. एक तुकडा कूलरवर, एक स्कूटरवर, आणि उरलेल्यात गॅलरीतल्या नाहीतर गच्चीवरच्या खुर्च्या गाद्यांसकट गुंडाळल्या जातात. वरून सुतळीचे चार वेढे, एक घट्ट गाठ, आणि आता दसऱ्यापर्यंत बघायला नको. दसऱ्याला गाठ सोडली की ओल्या पोत्याचा वास येतो, खोळीवर मोहरीएवढे काळे ठिपके दिसतात आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘काऊन बे, पाऊस तर लागलाच नव्हता!’

खरंच लागला नव्हता. गाद्या बांधल्या त्या दिवशी फोममध्ये थोडी ओल होती, एखाद्या वळवाच्या सरीचं पाणीही मुरलेलं असेल. दुपारी ताडपत्री तापली, ओलीची वाफ झाली, वर गेली आणि प्लास्टिकला अडली. रात्री ताडपत्री निवली, वाफेचे थेंब झाले आणि ते परत गादीवरच ठिबकले. जवळजवळ चार महिने रोज हेच. बुरशीला याहून बरं घर आपण मुद्दाम बांधायचं ठरवलं तरी जमणार नाही.

नागपूरची हवा या बाबतीत फारच खट आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि त्याच शहरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, उन्हात वाळून कडक झालेली गादी तीन आठवड्यांत ओल्या हवेत येते. उन्हापासून वाचवायला झाकावं, तर झाकण ओल कोंडतं. ओल जावी म्हणून उघडं ठेवावं, तर ऊन कापड खातं. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट, तिचं वेळापत्रक कोणालाच ठाऊक नसतं. बाहेरच्या गादीत पाणी कधी ना कधी शिरतं, हे धरूनच चालावं. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जे विकतो त्यातही शिवणीच्या भोकांतून आणि चेनीतून शिरतं. प्रश्न असतो तो त्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली आहे की नाही, एवढाच.

ही वाट म्हणजे काय ते बघायला भांडी घासायचा स्पंज पुरतो. नवा, आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि तळहातांवर आडवा धरा. आधी धार लागते, मग थेंब, मग ठिबकणं थांबतं. वाटतं, निथळला. आता न दाबता तो फक्त लांब कडेवर उभा करा. पुन्हा धार लागते! ती थांबली की एका कोपऱ्यावर तिरका धरा, अजून पाणी येतं. स्पंजाची बारीक छिद्रं तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी धरून ठेवतात. स्पंज आडवा असो वा उभा, ती उंची तेवढीच राहते. आडवा असताना तळ मोठा म्हणून अडकलेलं पाणी जास्त, उभा केला की तळ लहान म्हणून पाणी कमी. वीस इंच लांब, वीस इंच रुंद, चार इंच जाडीची गादी घ्या आणि तळाचं दीड इंच पाणी सुटत नाही असं धरा. आडव्या गादीत ६०० घन इंच फोम ओला राहतो, कडेवर उभ्या केलेल्या गादीत १२०. म्हणजे गादी नुसती उभी करायची, चेनीची बाजू खाली ठेवून चेन उघडायची, आणि पाचातले चार भाग पाणी आपोआप जातं. पावसाळ्यात गादी खुर्चीवर पसरून ‘वाळत घातली’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग ओट्यापाशी एकदा करून बघावाच. पिळायचं मात्र नाही. पिळल्याने फोमच्या पेशी फाटतात आणि तिथे कायमचा खड्डा पडतो. दोन तळहातांमध्ये सपाट दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं.

फोम घेताना दुकानात ‘३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी’ असं ऐकू येतं. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. वर सांगितलेल्या मापाची गादी ३२ च्या फोमची असली तर साधारण ८४० ग्रॅम भरते, ४० ची असली तर १ किलो ५० ग्रॅम. पुष्कळांना वाटतं की आकडा मोठा म्हणजे गादी कडक. तसं नाही. मऊ-कडकपणा वेगळा, घनता वेगळी. घनता टिकण्याशी जोडलेली आहे, म्हणजे दोन उन्हाळ्यांनी मधोमध खळगा पडेल की नाही ते ती सांगते. बसायच्या गादीला ३२ च्या खाली जाऊ नये, पाठीच्या उशीला कमी चालतं. दुकानात हा आकडा खरा आहे का हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे काटा. लांबी-रुंदी-जाडी मोजा, वजन करा, भागाकार करा. कोणी हसलं तर हसू द्या.

खास बाहेरच्या वापरासाठी एक वेगळा फोम असतो. साध्या फोमच्या पेशींमध्ये पातळ पडदे असतात. या फोममध्ये हायड्रोजन-ऑक्सिजनचा नियंत्रित स्फोट करून ते पडदे उडवतात, नुसता सांगाडा उरतो. फिश टँकच्या फिल्टरमधला जाळीदार काळा स्पंज त्याच जातीचा. वरून ओतलेलं पाणी यातून जवळजवळ सरळ खाली उतरतं. महाग असतो. छप्पर नसलेल्या गच्चीवरच्या बैठकीला तोच घ्यावा, पण पोर्चमधल्या झोपाळ्याला तेवढा खर्च करायची गरज मला वाटत नाही. तिथे साधा ३२ चा फोम नीट शिवलेल्या खोळीत वर्षानुवर्षं टिकतो. फोम पिवळा पडला म्हणून टाकू नका, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतोच. बोटाने चोळल्यावर पीठ पडायला लागलं, की मग त्याचे दिवस भरले.

कापसाबद्दल सांगायला इथे जीभ अडखळते. वऱ्हाड-नागपूरचा मुलूख कापसाचा, १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली तीही याच शहरात, आणि पिंजून घेतलेल्या रुईच्या गादीसारखी झोप कशावर लागत नाही हेही मान्य. पण बाहेरच्या बैठकीत कापूस नको. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल नुसत्या हवेतून ओढतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पाच किलोच्या गादीत पावसाचा थेंब न पडता चारशे ग्रॅमच्या वर पाणी! श्रावणात तर आणखी. मग गाठी होतात, गाठींच्या आत वाळत नाही, वास सुटतो, आणि पुन्हा पिंजारी शोधा. उशांमध्ये भरायला पॉलिएस्टरचा फायबर बरा. त्याचा भराव कालांतराने बसतो, पण उशी उन्हात ठेवून हाताने मोकळी केली की बराचसा उठतो.

आता कापड. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पाहा. वरचा रंग खरवडला की आत पांढरं लाकूड. छापील पॉलिएस्टर किंवा सुती कापडाचं असंच असतं, धाग्याच्या पृष्ठभागावर रंग. उलट हळकुंड कुठेही मोडा, आत पिवळंच. धागा काढायच्या आधीच रसायनाच्या द्रावात रंग मिसळून तयार केलेलं ॲक्रिलिक हळकुंडासारखं असतं. अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन कंपनीने १९६१ साली दारा-खिडक्यांवरच्या कनातींसाठी असं कापड सनब्रेला या नावाने बाजारात आणलं, आता इतरही पुष्कळ जण करतात. उन्हाला सगळ्यात जास्त टिकतं ते हेच. त्याखालोखाल त्याच पद्धतीने रंगवलेलं पॉलिएस्टर. पॉलिप्रॉपिलीनचं कापड पाणी अजिबात पीत नाही, पण तेल धरून बसतं, आणि त्यात ऊन सोसायचं रसायन मिसळलेलं नसेल तर नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत हाताला चुरा लागतो. रेक्झिन मात्र बाहेर नकोच. मेच्या दुपारी त्यावर बसवत नाही, आणि ज्याला ‘पीयू लेदर’ म्हणतात त्याचा वरचा थर ओल्या हवेत फुटून पापुद्रे निघतात. ते पापुद्रे कपड्यांना चिकटून घरभर जातात, झाडूने निघत नाहीत. असो.

चांगलं कापड घेऊन शिवणीत वाट लावणारे फार. कारागिराला चार गोष्टी आधी सांगाव्या लागतात, कारण घरातल्या सोफ्याच्या सवयीने तो वेगळंच करतो. खालची बाजू वरच्याच कापडाची नको, बॅगांना लावतात तसल्या जाड जाळीची हवी. इतवारी-गांधीबागेत बॅगेचं सामान विकणाऱ्यांकडे विचारावं. मच्छरदाणीची जाळी लावली तर सहा महिन्यांत फाटते. चेन मागच्या पट्टीत, तळाच्या बाजूला, वरून कापडाची झडप टाकून. चेनीचे दात प्लास्टिकचे किंवा नायलॉनचे, आणि रनर गंजणार नाही असा. लोखंडी रनर एका पावसात गंजतो आणि दुसऱ्यात चेन उघडत नाही. मग उभी करा, चेन उघडा, हे सगळं गेलं. दोरा सुती नको, तो कुजतो. जाडसर पॉलिएस्टरचा हवा, आणि टाका चार-पाच मिलिमीटर लांब. बारीक टाक्याने शिवण मजबूत होते असं वाटतं, पण कापडाला जवळजवळ भोकं पडतात आणि पोस्टाच्या तिकिटासारखं तिथून फाटतं. शेवटचं, फोम खोळीपेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा कापायचा, एकूण अर्धा इंच. खोळ ताठ बसली की पाणी वरून वाहून जातं. सैल खोळीच्या चुण्यांत पाणी साचतं, धूळ साचते आणि बुरशीचे पहिले ठिपके तिथेच येतात. चेन जड जात असेल तर दातांवरून मेणबत्ती फिरवा, तेल नको. तेलावर धूळ बसते.

उन्हाचा बंदोबस्त त्यामानाने सोपा. गॅलरी पश्चिमेची असेल तर उन्हाळ्यात ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावावी. ती शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळते, आणि गादीपेक्षा तीच बदलणं स्वस्त. दर आठवड्याला गाद्या एकमेकींच्या जागी फिरवायच्या आणि दोन्ही बाजू कापडाच्या असतील तर उलटायच्या, म्हणजे एक खुर्ची पांढुरकी आणि दुसरी नवीकोरी असं होत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी कोणी बाहेर बसत नाही. तेव्हा सकाळी दहाला गाद्या आत भिंतीशी उभ्या केल्या आणि संध्याकाळी बाहेर काढल्या, तर कापडाचं आयुष्य सरळ वाढतं. हा कंटाळा आहे, मान्य.

धुळीकडे कोणी फारसं बघत नाही. ॲक्रिलिकवर किंवा पॉलिएस्टरवर बुरशी वाढते तेव्हा तिचं अन्न कापड नसतं. तिचं अन्न म्हणजे वर बसलेली धूळ, कणसाचे-पोह्यांचे कण, डोक्याचं तेल. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने कोरडं झटकलं तर निम्म्या बुरशीचा घास तिथेच काढून घेतला जातो. पाठीच्या उशीला डोकं टेकतं तिथे एक टॉवेल टाकून ठेवावा. खोबरेल तेलाचा काळा पट्टा नंतर घासत बसण्यापेक्षा टॉवेल धुणं परवडतं.

रविवारी सकाळी पोर्चमध्ये तर्री-पोहे झाले की डाग ठरलेलाच. तर्री सांडली तर चोळायचं नाही. कागदाने वरून दाबून तेल टिपायचं, मग कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर जाडसर पसरून वीस मिनिटं ठेवायची, ब्रशने झाडायची, आणि उरलेल्यावर भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून बाहेरून आत असं पुसत यायचं. साबण लागताच डाग लाल होतो तेव्हा लोक घाबरतात. ती हळद आहे, साबणाच्या अल्कलीत ती लाल होतेच. भरपूर पाण्याने साबण काढा आणि गादी दोन दिवस कडक उन्हात ठेवा. हळदीचा रंग उजेडात उडतो. इथे नागपूरचं ऊन एकदाचं आपल्या कामी येतं. संत्र्याचा रस तेव्हाच्या तेव्हा साध्या पाण्याने धुवावा. तो डागापेक्षा साखरेमुळे नडतो, आधी मुंग्या, मग धूळ, मग बुरशी. लोखंडी खुर्चीच्या गंजाचे पट्टे उठले तर त्यावर ब्लीच टाकू नये, डाग आणखी पक्का होतो. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवून धुवावं, आणि खुर्चीला रंग द्यावा, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कूलरच्या शेजारच्या गादीवर पांढरे ठिपके येतात ते बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे. एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, पुसायचं, साध्या पाण्याने धुवायचं, आणि कूलर किंवा गादी, एक काहीतरी सरकवायचं.

वर्षातून दोन मोठ्या धुण्या पुरतात, एक होळीच्या सुमारास, दुसरी ऑक्टोबरात. चार लिटर कोमट पाण्यात ६० मिली सौम्य लिक्विड साबण, मऊ ब्रश, दहा-पंधरा मिनिटं मुरवणं आणि मग साबण पूर्ण जाईपर्यंत धुणं. साबण उरला तर कापड चिकट होतं, धूळ आणखी धरतं, वर पाणी थेंब होऊन राहण्याऐवजी पसरून आत जातं. काळे ठिपके आले असतील तर आधी कापडाची जात ओळखा. द्रावात रंगवलेलं ॲक्रिलिक असेल तर खोळ काढून, त्याच चार लिटरमध्ये साबणासोबत २४० मिली साधं घरगुती ब्लीच घालून, पंधरा मिनिटांपर्यंत ठेवून खळखळून धुता येतं. छापील किंवा सुती कापडाला हे केलं तर ठिपक्यांसकट फुलंही जातील. त्यांना निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, आधी कोपऱ्यात तपासून. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत, बाथरूमचं ॲसिडही ब्लीचमध्ये नको. क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. फोमला ब्लीच लावायचंच नाही. धुतलेली खोळ सावलीत वाळवायची, इस्त्रीला हात लावायचा नाही. किंचित ओलसर असतानाच फोमवर चढवली तर ताठ बसते. फोम मात्र तेव्हा पूर्ण कोरडा हवा.

धुतल्यावर वर पाणी टाकून पाहा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर काही करायला नको. चपटे होऊन मुरले तर पाणी झटकणारा स्प्रे मारायची वेळ झाली. स्वच्छ, कोरड्या कापडावर, वारा नसलेल्या सावलीत, वीतभर अंतरावरून दोन हलके हात. एकच दाट हात मारला की पट्टे उठतात. मळक्या कापडावर मारला तर मळ आत कोंडतो, मग तो निघतच नाही.

पावसाळ्यात गाद्या आत ठेवायच्या तर माळ्यावर किंवा दिवाणात, जुन्या सुती चादरीत गुंडाळून, कडेवर उभ्या, एकमेकींना न दाबता. प्लास्टिकच्या पिशवीत नाहीच. खाली थेट फरशी नको, दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या तरी पुरे. बाहेरच ठेवणं भाग असेल तर ताडपत्री गाद्यांना चिकटून न बांधता वर तंबूसारखी ताणायची, चारही बाजू खालून वीतभर मोकळ्या. उघडीप मिळाली की ती काढायचीच. थंडीत सहसा पाऊस नसतो, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं. रात्री गाद्या कडेवर उभ्या केल्या तर सकाळी नऊला बसता येतं, नाहीतर अकरापर्यंत ओली बूड.

खारींचं तेवढं राहिलं. झाडं जवळ असलेल्या घरांत उसवलेली शिवण दिसली की खार आतला भराव ओढून घरट्याला नेते, आणि चार दिवसांत मुठीएवढं भोक पडतं. ते कापसाने बुजवू नये, तो तिथे पाणी धरून बसेल. भोक कात्रीने चौकोनी करून घ्यावं, त्याच घनतेच्या फोमचा किंचित मोठा तुकडा फोमच्या चिकटद्रव्याने बसवावा, आणि शिवण त्याच दिवशी घालावी. खार परत येते.

एक शेवटची युक्ती, हिला प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा लागतो. मेमध्ये, सगळं कोरडं खडखडीत असताना, प्रत्येक गादी खोळीसकट तोलायची आणि आकडा खोळीच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवायचा. समजा ११०० ग्रॅम भरली. जुलैत भिजली, उभी करून निथळली, हाताला वरून कोरडी लागते आणि काटा १४०० दाखवतो. म्हणजे आत अजून ३०० मिली पाणी आहे. वरून हात फिरवून हे कधीच कळत नाही, मधला गाभा सगळ्यात शेवटी वाळतो. पंख्याखाली आणखी एक रात्र. वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे चालतील, ती हवेतली ओल. ऑक्टोबरात माळ्यावरून काढल्यावरही आधी नाक, मग काटा. ११०० च्या आसपास आला की खुर्चीवर टाका आणि चहा बाहेर आणा.